मोतीबिंदूची लेन्स : भारीतली की आपल्या कामाची?

(समूह रेडिओवर दिलेली ही माहिती मैत्रिणींच्या मागणीवरून इथे छापत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी आणि मग बोलावं.)



आज आपण मोतीबिंदूबद्दल बोलणार आहोत. मोतीबिंदूचं ऑपरेशन करतात, त्याने दिसायला लागतं, हे आता गावोगावी ठाऊक झालंय. आपल्याला बोलायचं आहे ते त्याच्या पुढच्या प्रश्नाबद्दल. ऑपरेशन ठरतं, रक्तातली साखर, ब्लडप्रेशर सगळं तपासून होतं आणि मग टेबलाच्या पलीकडून विचारलं जातं, "लेन्स कुठली टाकायची?" समोर कागद येतो. त्यावर साधी, फोल्डेबल, इंपोर्टेड, टोरिक, मल्टिफोकल अशी नावं आणि प्रत्येक नावापुढे एक रक्कम. मोठी रक्कम बघून मुलगा गप्प होतो. छोटी रक्कम बघून त्याला वाटतं, आईचं स्वस्तात उरकलं असं लोक म्हणतील. आई म्हणते, "माझं काय राहिलंय आता, कुठलीही टाका." आणि जिच्या डोळ्यात ती लेन्स जन्मभर राहणार, तिला कोणी विचारतच नाही की बाई, तू दिवसभर करतेस काय?

या गोंधळातून दोनच वाटा निघताना आम्ही बघतो. कोणी व्याजाने पैसे काढून सगळ्यात महाग लेन्स बसवतं. कोणी "पैसे जमले की करू" म्हणून परत घरी येतं आणि तशीच अंधुक नजर घेऊन आणखी दोन वर्षं चुलीपुढे बसतं. दोन्ही वाटा टाळता येतात. त्यासाठी लेन्सचे प्रकार समजून घ्यायला हवेत, आणि ते अवघड नाही.

डोळ्यात बदलतात ते काय

आपल्या बाहुलीच्या मागे एक नैसर्गिक भिंग असतं. तरुणपणी ते काचेसारखं स्वच्छ असतं. वयाबरोबर ते गढूळ होत जातं. त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. तो वरून आलेला पडदा नाही, त्यामुळे खरवडून निघत नाही. कुठल्याही थेंबांनी, मधाने किंवा झाडपाल्याच्या रसाने तो विरघळत नाही. उलट अशा गोष्टी डोळ्यात घालून बुबुळाला जखम होते.

ऑपरेशनमध्ये गढूळ भिंग काढून टाकतात आणि त्याची पातळ पिशवी आत तशीच ठेवतात. त्या पिशवीत नवीन, कृत्रिम भिंग बसवतात. हीच ती लेन्स. ती आत बसली की खुपत नाही, जाणवत नाही, काढावी लागत नाही आणि झिजत नाही. साधी लेन्स दहा वर्षं टिकते आणि महाग लेन्स जन्मभर, असं काही नसतं. नीट बसलेली कुठलीही लेन्स जन्मभरासाठीच असते.

तुमच्यातल्या मोठ्या बायकांना आठवत असेल, पूर्वी मोतीबिंदू काढलेल्या माणसाच्या डोळ्यावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा असायचा. तेव्हा भिंग काढायचे, पण त्या जागी काही बसवत नसत. त्या चष्म्यातून सगळं मोठं दिसायचं, कडेचं दिसायचं नाही, पायरीचा अंदाज चुकायचा. आत लेन्स बसवण्याची सुरुवात लंडनमध्ये 1949 साली हॅरोल्ड रिडली या डॉक्टरांनी केली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचेसारख्या प्लॅस्टिकचे बारीक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले होते. ते तुकडे आत राहूनही डोळा बिथरत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. त्याच जातीच्या प्लॅस्टिकची पहिली लेन्स त्यांनी बनवून घेतली.

पुढे बरीच वर्षं या लेन्स परदेशातून यायच्या आणि गरिबाला परवडायच्या नाहीत. 1992 साली तमिळनाडूत मदुराईला, अरविंद नेत्र रुग्णालयाच्या पुढाकाराने ऑरोलॅब नावाचा कारखाना सुरू झाला आणि चांगल्या लेन्स थोड्या पैशांत आपल्याच देशात तयार होऊ लागल्या. त्या आज कित्येक देशांत जातात. म्हणून "भारतीय लेन्स म्हणजे हलकी" हा समज आधी मनातून काढून टाका.

सगळ्या प्रकारांच्या मुळाशी एकच अडचण

आपलं तरुणपणीचं भिंग लवचिक असतं. लांब बघताना ते पसरतं, जवळ बघताना फुगतं. म्हणून पंचविशीतली मुलगी डोंगरावरचं देऊळही बघते आणि लगेच सुईही ओवते. चाळिशीनंतर हा लवचिकपणा कमी होतो आणि चाळिशीचा चष्मा लागतो.

कृत्रिम लेन्सला असं फुगता-पसरता येत नाही. ती एका अंतरासाठी नेमकी बसवलेली असते. त्या अंतरावरचं स्वच्छ दिसतं आणि बाकीच्यासाठी चष्मा लागतो. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली की कागदावरची सगळी नावं समजतात.

पहिली निवड : कडक की घडीची

कडक लेन्स जुन्या, पारखलेल्या प्लॅस्टिकची असते. तिची घडी होत नाही. ती साधारण सहा मिलिमीटर रुंद असते, म्हणून ती आत सरकवायला तेवढा छेद द्यावा लागतो. हा छेद अशा तिरक्या पद्धतीने देतात की तो आपोआप मिटतो आणि बहुतेक वेळा टाका लागत नाही. या पद्धतीला एसआयसीएस म्हणतात. शिबिरांतून आणि सरकारी दवाखान्यांतून होणारी पुष्कळ ऑपरेशनं अशीच होतात. खूप पिकलेला, कडक झालेला मोतीबिंदू काढायला ही पद्धत चांगली आहे.

घडीच्या, म्हणजे फोल्डेबल लेन्सची गुंडाळी करून ती बारीक नळीतून आत सोडतात. आत गेल्यावर ती उलगडते. तिला अडीच-तीन मिलिमीटरचा छेद पुरतो. ही लेन्स बहुधा फेको नावाच्या मशिनने केलेल्या ऑपरेशनमध्ये बसवतात. फेकोला लोक "लेझरचं ऑपरेशन" म्हणतात, पण त्यात लेझर नसतो. ध्वनिलहरींच्या कंपनाने भिंगाचा चुरा करून तो ओढून घेतात. छेद लहान असल्याने डोळा थोडा लवकर निवतो आणि डोळ्याचा आकार कमी बदलतो, त्यामुळे नंतर चष्म्याचा तिरका नंबर कमी येतो.

मग यातलं कुठलं घ्यायचं? याचं उत्तर शोधायला आपल्याला पुण्याबाहेर जायची गरज नाही.

पुण्यात झालेली तुलना

हडपसरजवळ महंमदवाडीत पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. आपल्या भागातल्या कितीतरी बायका तिथे जाऊन आल्या असतील. तिथल्या डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन पद्धतींची तुलना केली आणि ती 2005 साली डोळ्यांच्या डॉक्टरांच्या एका जागतिक नियतकालिकात छापून आली. 400 रुग्णांचे दोन गट केले. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे पैसेवाले एका बाजूला आणि गरीब दुसऱ्या बाजूला असं होऊ नये. एका गटाचं फेको केलं, दुसऱ्याचं एसआयसीएस.

सहा आठवड्यांनी नजर तपासली. चष्मा न लावता बऱ्यापैकी चांगली नजर, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत 6/18 किंवा त्याहून चांगली, फेकोच्या गटात शंभरातल्या 81 जणांना होती आणि एसआयसीएसच्या गटात 71 जणांना. इथे फेको पुढे होतं. मग ज्याला लागेल त्याला योग्य नंबरची काच लावून पुन्हा तपासलं. आता दोन्ही गटांत शंभरातल्या 98 जणांची नजर तितकी चांगली होती. अगदी बरोबरीत.

या आकड्यांचा आपल्यासाठी अर्थ काय? मशिनचं ऑपरेशन परवडत असेल, तर चष्म्याशिवाय चांगलं दिसण्याची शक्यता थोडी वाढते. परवडत नसेल आणि बिनमशिनचं ऑपरेशन कडक लेन्स घालून झालं, तर त्याला साध्या चष्म्याची जोड दिली की नजर तेवढीच येते. ज्या बाईचं शिबिरात ऑपरेशन झालं, तिचं "कमी प्रतीचं" झालं असं कोणी म्हणू नये आणि तिनेही तसं मानू नये. मात्र "चष्म्याची जोड" हे शब्द महत्त्वाचे आहेत. ऑपरेशन झालं, डोळा निवला, पण नंबर काढून चष्मा घ्यायला कोणी नेलंच नाही, असं झालं तर अर्धं काम राहून गेलं.

दुसरी निवड : एका अंतराची की अनेक अंतरांची

*एका अंतराची लेन्स*, म्हणजे मोनोफोकल. ही कडकही असते आणि घडीचीही. बहुतेक वेळा ती लांबचं दिसण्यासाठी बसवतात. एसटीची पाटी, बांधावरून येणारं माणूस, टीव्ही स्वच्छ दिसतो. तांदूळ निवडायला, सुई ओवायला, मोबाइल वाचायला मात्र जवळचा चष्मा लागतो. साधारण अडीच-तीन नंबरचा.

*टोरिक लेन्स*. काहींचं बुबुळ सगळीकडून सारखं गोल नसतं, कैरीसारखं एका बाजूने जास्त वळलेलं असतं. त्यामुळे चष्म्यात तिरका, म्हणजे सिलिंडरचा नंबर येतो. तो जास्त असेल तर टोरिक लेन्सने बराचसा जातो. तिरका नंबर नसेल किंवा अगदी थोडा असेल, तर या लेन्सवर जादा पैसे घालायचं कारण नाही. म्हणून "माझ्या बुबुळाचा तिरका नंबर किती आहे?" हे आधी विचारा.

*अनेक अंतरांची लेन्स*, म्हणजे मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल. हिच्यावर बारीक वर्तुळं कोरलेली असतात. डोळ्यात येणारा उजेड ती लांबच्यासाठी आणि जवळच्यासाठी वाटून देते. पुष्कळ जणांचं रोजचं काम चष्म्याशिवाय भागतं, हा तिचा खरा फायदा आहे. पण उजेड वाटला गेला की प्रत्येक वाट्याला कमीच येणार. संध्याकाळच्या अंधुक उजेडात फिकट गोष्टी कमी उठून दिसतात. रात्री दिव्यांभोवती गोल कडी दिसतात, समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड पसरतो. बऱ्याच जणांना त्याची सवय होते, काहींना होत नाही. आणि एवढं करून बारीक अक्षरांना कधीमधी चष्मा लागतोच. डोळ्याचा मागचा पडदा मधुमेहाने खराब झालेला असेल, काचबिंदू असेल, बुबुळावर जुनं फूल पडलेलं असेल, तर या लेन्सचा फायदा होत नाही, उलट नजर आणखी फिकी होते.

*या दोन्हींच्या मधली लेन्स* हल्ली मिळते. लांबचं आणि हातभर अंतरावरचं तिच्यातून बरं दिसतं. कडी मल्टिफोकलपेक्षा कमी दिसतात. अगदी जवळच्या बारीक कामाला चष्मा लागतो.

याशिवाय पिवळसर रंगाची, "निळा उजेड अडवणारी" लेन्सही जादा पैसे घेऊन सुचवतात. तिने डोळ्याचा मागचा पडदा अधिक काळ चांगला राहतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही. तेवढ्यासाठी पैसे घालू नका.

आपलं काम डॉक्टरांना सांगा

मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट आहे जी फुकट आहे आणि फार थोड्या बायकांना कोणी सांगतं. एका अंतराची साधी लेन्स घ्यायची ठरली, तरी ते अंतर कुठलं हे ठरवता येतं.

समजा एक ताई दिवसभर शिलाई मशिनवर बसते किंवा गोधड्या शिवते. तिचं सगळं जग हातभर अंतरात आहे. तिची लेन्स जवळच्या अंतरासाठी बसवली, तर शिवताना चष्मा नको आणि बाहेर पडताना लांबचा चष्मा लावायचा. दुसरी ताई शेतात जाते, शेरडं राखते, पाऊसपाण्यात चिखलातून चालते. तिच्या चष्म्यावर सतत पाणी, धूळ आणि घाम. तिला लांबचं विनाचष्मा दिसायला हवं, आणि घरी आल्यावर धान्य निवडताना चष्मा लावला तर बिघडत नाही. तिसरी अंगणवाडीत आहे. तिला रजिस्टर, मोबाइल आणि समोरची मुलं, तिन्ही दिसायला हवीत. तिची तब्येत आणि डोळ्याचा पडदा चांगला असेल आणि पैशाची ओढाताण नसेल, तर तिने अनेक अंतरांच्या लेन्सचा विचार करायला हरकत नाही. पण तीच जर रोज अंधार पडल्यावर स्कूटीवरून घरी येत असेल, तर दिव्यांभोवतीच्या कड्यांचा विचार आधी करावा.

कधी डॉक्टर एक डोळा लांबचा आणि दुसरा थोडा जवळचा ठेवतात. दोन्ही उघडे ठेवले की काम भागतं. काहींना हे जमतं, काहींना गरगरतं, म्हणून तसं ठरवायचं असेल तर आधी चष्म्याच्या काचा लावून बघता येईल का, ते विचारा.

आणखी एक अनुभव पुष्कळ घरांत येतो. साठी उलटलेली आजी अचानक चष्म्याशिवाय पोथी वाचायला लागते. घरातले म्हणतात, देवाने नजर परत दिली. खरं तर मोतीबिंदू होताना कधीकधी भिंग घट्ट होतं आणि जवळचं काही दिवस बरं दिसतं. अशा आजीचं ऑपरेशन झालं आणि लेन्स लांबची बसवली, की तिला डोंगर दिसतो आणि हातातली पोथी दिसत नाही. ती म्हणते, ऑपरेशन बिघडलं. ऑपरेशन बिघडलेलं नसतं. नंतर काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे तिला आधी कोणी सांगितलेलं नसतं. लहानपणापासून ज्यांना लांबचा चष्मा आहे आणि जवळचं विनाचष्मा दिसतं, त्यांनी तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवं.

पैशाचा हिशेब

गटाच्या वहीत मांडतो तसा हिशेब मांडू. समजा महाग लेन्ससाठी 30,000 रुपये जादा लागतात आणि ते शेकडा दोन रुपये महिना व्याजाने काढले. महिन्याला 600 रुपये नुसतं व्याज झालं, वर्षाचे 7,200. मुद्दल तसंच. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलंच आहे. तिथे पुन्हा तेवढेच. आणि ही सगळी धडपड कशासाठी, तर जवळचा चष्मा लागू नये म्हणून. जिच्याकडे पैसे आहेत आणि जिला चष्मा खरोखर अडचणीचा आहे, तिने जरूर खर्च करावा, ती चैन नाही. पण कर्ज काढून हा खर्च करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. एका डोळ्यात महाग लेन्स घालण्यापेक्षा दोन्ही डोळ्यांत साधी लेन्स केव्हाही चांगली.

सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन लेन्ससकट मोफत होतं. पुण्यात ससून रुग्णालय आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. धर्मादाय रुग्णालयं गावोगावी शिबिरं घेऊन तपासणी करतात आणि गरजूंची ऑपरेशनं मोफत किंवा थोड्या खर्चात करतात. शिबिर कधी आहे, कुठल्या दवाखान्यात पाठवतील, हे आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. जाताना आधार कार्ड, रेशन कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी बरोबर घ्या. आरोग्य विमा असेल तर लेन्ससाठी कंपनी किती रक्कम देते, हे ऑपरेशनच्या आधी विचारा. महाग लेन्सचा वरचा खर्च बहुधा आपल्यालाच भरावा लागतो.

विचारायचे सात प्रश्न

हे प्रश्न कागदावर उतरवून घ्या. लिहिता येत नसेल तर नातीला लिहायला सांगा.

1. माझ्या डोळ्याला मोतीबिंदूशिवाय आणखी काही आजार आहे का? मागचा पडदा तपासला का?
2. माझ्या बुबुळाचा तिरका नंबर किती आहे?
3. ही लेन्स बसवल्यावर चष्म्याशिवाय काय दिसेल? चष्मा कशाला लागेल?
4. मी अमुक काम करते. त्यासाठी लेन्स लांबची ठेवावी की जवळची?
5. तुम्ही सांगता ती महाग लेन्स नाही घेतली तर माझं काय अडेल?
6. ऑपरेशन, लेन्स, औषधं, चष्मा धरून एकूण किती खर्च? लेखी द्याल का?
7. ऑपरेशननंतर त्रास झाला तर रात्रीबेरात्री कोणाला फोन करायचा?

यातला पाचवा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. विचारा. चांगला डॉक्टर त्याचं सरळ उत्तर देतो. लेन्स कुठली हे ऑपरेशनच्या आदल्या भेटीतच ठरवा. डोळ्यात थेंब घालून, हिरवे कपडे घालून बसल्यावर कोणी "त्यापेक्षा ही घ्या" म्हणालं, तर ठरलेलं तेच करा म्हणून सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

डोळ्यातल्या लेन्सवर आपल्या देशात औषधांसारखं सरकारी नियंत्रण आहे. खोक्यावर कंपनीचं नाव, लेन्सचा नंबर, मुदत आणि कमाल किंमत छापलेली असते. लेन्सबरोबर चिकटवायच्या चिठ्ठ्याही येतात. त्यातली एक आपल्या केसपेपरवर लावून मागा आणि तो कागद जपून ठेवा. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तो उपयोगी पडतो.

लेन्सइतकंच महत्त्वाचं

लेन्सचा नंबर प्रत्येक डोळ्याचा वेगळा असतो. "शेजारच्या काकूंना बसवली तीच द्या" असं चालत नाही. त्यासाठी ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलावा मोजतात. आपला डोळा जेमतेम 23-24 मिलिमीटर लांब असतो. मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो. मग लेन्स कितीही महाग असो, उपयोग नाही. म्हणून ही तपासणी चालू असताना डोळा स्थिर ठेवा, घाई करू नका. दोन्ही डोळे मोजून घेतात की नाही, हेही बघा.

मोतीबिंदू पिकायची वाट बघायची नाही. ती जुन्या काळची रीत होती. आता रोजच्या कामात अडायला लागलं की ऑपरेशन करायचं. अती पिकला तर डोळ्यातला दाब वाढतो, डोळा ठणकतो आणि नजर कायमची जाऊ शकते.

ऑपरेशननंतर महिना-दीड महिना थेंब वेळेवर घालायचे, घालण्याआधी साबणाने हात धुवायचे. डॉक्टर सांगतील तोवर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डोळा चोळायचा नाही, चुलीच्या धुरात बसायचं नाही, हंडा-कळशी आणि मोळी उचलायची नाही. शेवटच्या दोन गोष्टी बाईच्या हातात नसतात, घरच्यांच्या हातात असतात. म्हणून सासूचं ऑपरेशन असेल तेव्हा सुनेनं, सुनेचं असेल तेव्हा सासूनं आणि दोन्ही वेळा घरातल्या पुरुषांनी पाण्याची आणि चुलीची पाळी आधीच ठरवून घ्यावी. डोळा ठणकायला लागला, लाल झाला, चिकट घाण येऊ लागली किंवा दिसत होतं ते कमी झालं, तर उद्याची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं, तर "मोतीबिंदू परत आला" असं समजू नका. तो परत येत नाही. लेन्सच्या मागची पिशवी काही जणांत गढूळ होते. लेझरने काही मिनिटांत ती साफ करतात. भरती व्हावं लागत नाही, लेन्स बदलावी लागत नाही. साधी लेन्स घेतली म्हणूनच असं झालं, असंही नाही. महाग लेन्सवाल्यांनाही ते होतं.

गटासाठी एक काम

मोतीबिंदूने आलेलं आंधळेपण बायकांमध्ये जास्त आढळतं. त्यांना मोतीबिंदू होतो हे खरं, पण ऑपरेशनपर्यंत त्या उशिरा पोहोचतात हेही तितकंच खरं. दवाखान्यात न्यायला कोणी नसतं, एसटीचं भाडं लागतं, जनावरांना कोण बघणार हा प्रश्न असतो, आणि सगळ्यात पुढे ते वाक्य असतं, "माझं काय राहिलंय आता." अशा घरात "कुठली लेन्स?" हा प्रश्न पोहोचेपर्यंत वर्षं निघून जातात.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं करा. भिंतीवर कॅलेंडर लावा आणि सात-आठ पावलांवर उभं राहून, एकेक डोळा झाकून, प्रत्येकीने तारखा वाचून दाखवा. अक्षरओळख नसेल तर हाताची किती बोटं वर आहेत ते सांगा. जिला एका डोळ्याने कमी दिसतंय तिचं नाव वहीत लिहा. तिच्याबरोबर दवाखान्यात कोण जाणार आणि त्या दिवशी तिची गाय कोण बघणार, ही दोन नावंही त्याच ओळीत लिहा. लेन्सची निवड त्यानंतर, तिच्या स्वतःच्या तोंडून, तिच्या कामाप्रमाणे होऊ दे.